ब्रेकचं रबर आणि घंटी

‘सस्ता रोए बार बार’ ही म्हण आमच्या घरात उठताबसता ऐकू येते. सायकलच्या बाबतीत मला ती अर्धीच पटते. घंटी, स्टँड, मडगार्ड, सीट कव्हर स्वस्तातलं खुशाल घ्यावं. तुटलं म्हणून वाटेत कोणी पडत नाही.

ब्रेकच्या रबराचं तसं नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, पण त्यांचे ब्रेक नंतर घरच्यांनाच बघावे लागतात. आपल्या गोंदियाचा पावसाळा, धानाच्या बांध्यांमधला रस्ता आणि लोखंडी रिम. ओल्या रिमवर चांगलं रबरही उशिरा पकडतं. हलकं रबर कडक होऊन नुसतं घसरतं. जोडीमागे वाचतात ते चहाचे पैसे.

छर्रे दिसत नाहीत, म्हणून लोक तिथे हात आखडतात. कच्चे छर्रे स्वतः झिजतात आणि सोबत कोन-कपही खातात. चेनचंही तेच. अर्ध्या इंचाचं माप सगळीकडे सारखं, त्यामुळे रुंदी जुळली की बसते. पण हलकी चेन लांबते आणि फ्रीव्हीलचे दात घासून टाकते.

टायर मी राल्सनचा मागतो, पण नकली मालाच्या भीतीने नावातलं अक्षर न् अक्षर तपासतो. भाषेचा मास्तर, खोड जात नाही.

लेकीच्या सायकलला यंदा ब्रेकचं रबर, तार, छर्रे सगळं चांगलं घातलं. घंटी तिने निवडली, गुलाबी. दहा दिवसांत खिळखिळी झाली. आता ती ‘बाजू, बाजू’ ओरडत शाळेत जाते.