गटातील अबोल विद्यार्थी

‘पाचही बोटे सारखी नसतात’ ही म्हण आपण बहुधा मनाची समजूत घालण्यासाठी वापरतो. कोणी मागे पडले, कोणी गप्प राहिले, की ती पुढे करायची आणि आपल्या कामाला लागायचे. परंतु बोटे लहानमोठी आहेत म्हणूनच हाताला घास नीट घेता येतो, ही तिची दुसरी बाजू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विद्यार्थ्यांचे गट पाहताना आम्हांला ती वारंवार आठवते.

शाळा-महाविद्यालयांत हल्ली बरेचसे प्रकल्प गटाने करावयाचे असतात. आपल्या धर्मग्रामातील युवकांचे कार्यक्रमही गटांनीच पार पडतात. गट पडले, की कामे जणू आपोआप वाटली जातात. ज्याला सफाईने इंग्रजी येते तो व्यासपीठावर बोलतो. जिचे अक्षर वळणदार ती मुलगी टिपणे काढते. ज्याच्या घरी संगणक आहे तो छपाई करून आणतो. पाड्यावरून येणारा मुलगा खुर्च्या लावतो. कोणावर अन्याय करावा असे कोणीच ठरवलेले नसते. तरीही वर्षअखेरीस बोलणारा अधिक बोलका झालेला असतो आणि खुर्च्या लावणारा खुर्च्याच लावीत असतो.

यात घरच्या संस्कारांचाही भाग असतो. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत केरळचे, गोव्याचे, छोटानागपूरचे आणि वसईचे विद्यार्थी एकाच चर्चागटात असत. काहींच्या घरी जेवणाच्या पानावरही वाद रंगत. त्यांना मध्येच बोलण्यात गैर वाटत नसे. छोटानागपूरचा आमचा एक उरांव सहाध्यायी मात्र सर्वांचे ऐकून घेतल्यावाचून तोंड उघडत नसे. त्याच्या गावच्या बैठकीत सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलणे चाले, घाई कोणालाच नसे. आमच्या चर्चेत त्याची पाळी येईपर्यंत घंटा वाजे. त्याच्या मौनामागे शिष्टाचार होता. ऐकणाऱ्यांना तेथे अज्ञान दिसे. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे आपले मूल मुंबईच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी का बुजते, हे ज्या पालकांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

मग भिन्न घरांतून आलेल्या मुलांना नुसते एकत्र बसवले, की एकोपा होतो काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवले. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात 1971 साली गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली, तेव्हा एकोप्याऐवजी भांडणे सुरू झाली. तेथील विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांना शाळांनी पाचारण केले. ते आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले. शिक्षक प्रश्न विचारीत, मुले हात वर करण्याची स्पर्धा करीत, आणि एकाचे उत्तर चुकले की दुसऱ्याला आनंद होई. ज्यांचे इंग्रजी अडखळत होते ती मुले हातच वर करीत नसत.

अ‍ॅरन्सन यांनी उपदेश केला नाही. कामाची वाटणी बदलली. पाच-सहा मुलांचा मिश्र गट करावयाचा, धड्याचेही तितकेच तुकडे करावयाचे आणि प्रत्येकाला एकच तुकडा द्यावयाचा. तोच तुकडा मिळालेल्या इतर गटांतील मुलांबरोबर बसून त्याने तो पक्का करावा आणि परत येऊन आपल्या गटाला शिकवावा. परीक्षा मात्र संपूर्ण धड्याची. चित्रकोड्याचे तुकडे जुळवावे तशी ही रीत, म्हणून तिला ‘जिगसॉ’ हे नाव पडले. मेक्सिकन वंशाचा एक मुलगा आपला भाग सांगताना अडखळू लागला, तेव्हा सोबती प्रथम त्याची थट्टा करू लागले. थट्टेने त्याच्याजवळची माहिती तुम्हांला मिळणार नाही आणि परीक्षा तर जवळ आली आहे, याची त्यांना आठवण करून देण्यात आली. हळूहळू ती मुले त्याला नेमके प्रश्न विचारावयास शिकली, तोही मोकळा झाला, आणि हा आपल्याला वाटला होता त्याहून हुशार आहे, असे त्यांना आढळले. काही आठवड्यांत अशा वर्गांतील मुलांची परस्परांविषयीची आपुलकी वाढली. अल्पसंख्य मुलांचे गुण सुधारले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत.

येथे एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. त्या मुलावर कोणी दया केली नव्हती. इतरांना हवे असलेले काहीतरी त्याच्या हाती होते, म्हणून ते त्याच्याकडे वळले.

आज वसई-विरारच्या आपल्या परिसरात कुपारी, वाडवळ, कोळी आणि वारली कुटुंबांच्या शेजारी केरळ, मंगळूर आणि झारखंडहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांची मुले एका गटात येतात, हे चांगलेच आहे. गट नेमणाऱ्यांनी एवढेच करावे, की दर वेळी कामे फिरती ठेवावीत, लिहिणारीला बोलू द्यावे, बोलक्याला खुर्च्या लावू द्याव्यात, आणि अबोल मुलाच्या हाती असे काम सोपवावे, की त्याच्यावाचून इतरांचे अडेल. पालकांनाही विनंती आहे. मूल प्रकल्प संपवून घरी आले, की गुण किती मिळाले हे अवश्य विचारा. पण तुझ्या वाट्याला कोणते काम आले होते, आणि तुमच्यात गप्प कोण बसले होते, हेही विचारीत चला.