धूळ कोण पुसतं?

शाळेच्या वसतिगृहात भिंतीवरील तसबिरी पुसण्याची पाळी माझ्याकडे असे. पुढे मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अभिरक्षक-साहाय्यक झाले. काम निमूटपणाचे: कॅनव्हासवरील तडे, बुरशी यांची नोंद करायची, कागदावरील चित्रांवर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू द्यायचा नाही.

२०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांचे प्रदर्शन चालू असताना आई शिरूरहून एसटीने दौंडला आणि तेथून रेल्वेने आली. दाराशीच थबकली.

“आपल्याला आत सोडतात का गं?”

मला उत्तर सुचेना. तिचा हात धरून आत नेले. एका चित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली. अर्थ मात्र विचारला नाही.

“हात लावायचा नाही म्हणतेस, मग धूळ कोण पुसतं?”

“मीच. मऊ कुंचल्याने.”