निरोगी मुलाला टोचणारी आई

आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे कोणत्याच आईला नवे नाही. पण हसत्या-खेळत्या लेकराच्या अंगात आपण होऊन आजार सोडायचा, एवढे काळीज कुठून आणायचे? अठराव्या शतकात एका आईने ते आणले.

मेरी वॉर्टली माँटेग्यू ही तुर्कस्तानातील इंग्रज राजदूताची पत्नी. तिचा तरुण भाऊ १७१३ मध्ये देवीच्या रोगाने गेला. १७१५ मध्ये तिलाही देवी आल्या. जीव वाचला, पण पापण्यांचे केस गेले आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. रक्त काढणे आणि जुलाब देणे, हीच तेव्हाच्या युरोपीय वैद्यांची नेहमीची हत्यारे. लहान मुलेही त्यातून सुटत नसत.

एप्रिल १७१७ मध्ये तिने एदिर्नेहून सारा चिझवेल या मैत्रिणीला पत्र लिहिले. उन्हाळा ओसरला की इथे कुटुंबे एकत्र येतात. एखादी म्हातारी अक्रोडाच्या टरफलात देवीच्या फोडातला पू घेऊन येते आणि सुईने तो शिरेत सोडते. आठव्या दिवशी ताप चढतो, दोन-तीन दिवस अंथरूण धरावे लागते, मग मूल पुन्हा खेळायला लागते.

मार्च १७१८ मध्ये, नवरा बाहेरगावी असताना, तिने आपल्या जवळजवळ पाच वर्षांच्या एडवर्डला टोचून घेतले. टोचणाऱ्या ग्रीक म्हातारीचा हात थरथरत होता, सुई गंजलेली होती. मुलगा कळवळला. दुसऱ्या दंडावर दूतावासाचे शल्यवैद्य चार्ल्स मेटलंड यांनी टोचले. मुलगा सुखरूप राहिला. १७२१ मध्ये लंडनला साथ आली, तेव्हा तिने तीन वर्षांच्या मुलीलाही टोचून घेतले.

गहजब झाला. धर्मोपदेशक म्हणाले, ही ईश्वरी इच्छेत ढवळाढवळ आहे. परमुलखातल्या अडाणी बायकांकडून शिकणे अनेक वैद्यांना कमीपणाचे वाटले. धोकाही खोटा नव्हता. टोचलेल्यांत सुमारे पन्नासात एक दगावे. साथीत मात्र सहा-सात रोग्यांमागे एक जाई. हिशेब सरळ आहे. पण आईच्या लेखी तो ‘एक’ म्हणजे आपलेच लेकरू असते. ते पत्र जिला लिहिले होते ती सारा १७२६ मध्ये देवीनेच गेली.

पुढे १७९६ मध्ये जेन्नरने गायीच्या देवीपासून अधिक सुरक्षित लस काढली. ती इस्तंबूल, बगदाद, बसरा अशी मजल मारत मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. माझ्या दंडावरचा गोल व्रण त्याच परंपरेतला. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाही, कारण १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

पोलिओचे थेंब पाजायला दारात आलेल्या बायांना ‘तकदीर में होगा सो होगा’ म्हणून परत पाठवणारी माणसे मी आमच्या मोहल्ल्यात पाहिली आहेत. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण तर आपल्याच घरातली. माँटेग्यूबाईंना ती ठाऊक होती की नाही, कोण जाणे. उंट मात्र त्यांनी बांधला होता.