हायब्रिड गांजा: ‘वनस्पतीच तर आहे!’

‘डॉक्टर, गांजा ही शेवटी वनस्पतीच ना? साधू तर आयुष्यभर चिलीम ओढतात.’ हे वाक्य मी ओपीडीत वरचेवर ऐकतो. बोलतात आईवडील, मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. म्हणून आज याच विषयावर थोडं सविस्तर.

गांजात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या बारीक, चिकट ग्रंथींमध्ये तो सर्वाधिक असतो, पानांत बराच कमी. भांग पानांची आणि गांजा फुलोऱ्याचा, हा फरक आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही आहे.

आता ‘हायब्रिड’ म्हणजे काय? वेगवेगळ्या देशांतल्या वाणांचा संकर. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाणिस्तान, मेक्सिको आणि कोलंबियातले वाण एकत्र करून ‘स्कंक’ हा वाण तयार झाला. पुढे तो नेदरलँड्समार्गे युरोपभर गेला. असे वाण बंद खोलीत दिव्यांखाली वाढवतात आणि मादी झाडांना परागकण लागू देत नाहीत. बी धरत नाही, फुलोरा वाढत राहतो आणि राळ साठत जाते. पिढ्यान्‌पिढ्या जास्त टीएचसीचीच झाडं निवडली गेली. टीएचसीचा परिणाम काहीसा सौम्य करतो असं मानलं जाणारं सीबीडी त्यांत जवळपास उरलेलंच नाही.

अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के टीएचसी होतं. २०१४ मध्ये ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. गेल्या काही वर्षांत बँकॉकहून आलेला ‘हायड्रो’ गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातोय, म्हणजे हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आला आहे.

माझ्याकडे आलेला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी रोज हाच ओढायचा. झोप उडाली. शेजारी आपलं बोलणं रेकॉर्ड करतात, अशी त्याची खात्री पटली. घरच्यांना वाटलं, परीक्षेचं टेन्शन! हा सायकोसिस होता. औषधं सुरू झाली, गांजा सुटला आणि वर्षभराने तो पुन्हा कॉलेजला गेला. त्या वर्षात त्याच्या आईचं वजन आठ किलोने उतरलं होतं.

प्रत्येकाला असं होत नाही. पण युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ केंद्रांचा २०१९ चा अभ्यास सांगतो, की १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. कोवळ्या वयात सुरुवात झाली किंवा घरात कुणाला असा आजार असला, तर धोका आणखी वाढतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते.

मुलाची झोप उडाली, तो एकटा राहू लागला, विनाकारण संशय घेऊ लागला, तर मारझोड नको, देवऋषीही नको. शांतपणे विचारा, ‘काय घेतोस? किती? कधीपासून?’ आणि लवकर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. सोडल्यावर काही दिवस चिडचिड, निद्रानाश होतो, तो ओसरतो. कुठे जावं हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.