तळघरातील अवजारांचे मोल

जुन्या वस्तूचा भाव ठरविणे मोडवाल्याला सोपे जाते. त्याला वजन कळले की पुरते. ज्याला त्या वस्तूचा उपयोग ठाऊक असतो आणि विकणाराही ओळखीचा असतो, त्याची मात्र पंचाईत होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात असे एक काम २०२१ साली आमच्याकडे आले. शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले होते. त्यांच्या तळघरात काडतुसे पुन्हा भरण्याची सारी सामग्री होती, आणि एका गिऱ्हाइकाने ती सरसकट दोनशे डॉलरना मागितली होती. ‘‘हा भाव रास्त आहे का, एवढेच सांगा,’’ असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. आम्ही शिकारी नव्हे. पण आमचे आयुष्य कारखान्यातील यंत्रांपाशी गेलेले, आणि त्या गृहस्थांच्या शेजारी स्टुलावर बसून हा उद्योग आम्ही कित्येक हिवाळे पाहिलेला.

आपल्याकडे काडतूस बाळगण्यासही परवाना लागतो, म्हणून वाचकांना याचे नवल वाटेल. तेथे विकण्यासाठी काडतुसे बनवावयाची तर परवाना हवा. स्वतःपुरती भरण्यास केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम येतो. त्याआधी अनेकजण घरीच तयारी करतात. गोळी उडाली तरी पितळी पुंगळी शिल्लक राहते. तिचा जळका प्रायमर काढायचा, साच्यात दाबून ती मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७,००० ग्रेन. म्हणजे एक ग्रेन आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. या मापात चूक झाली तर बंदूक हातात फुटू शकते.

दाबयंत्र, म्हणजे प्रेस, आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर होता. बिडाचे हे धूड सहसा झिजत नाही. दांडा वरखाली करून त्यात खेळ आहे का, गंज चढला आहे का, एवढे पाहिले की झाले. खणात जुनी पावती सापडली. बाईंना तिचा आधार वाटला. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पावती काही सांगत नाही. तीच वस्तू आज नवी केवढ्याला मिळते हे पाहावे, आणि सुस्थितीतील जुनीला त्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भाव धरावा, असा आमचा हिशेब. साच्यांचे आटे बहुतेक कंपन्यांनी सारखेच ठेवले आहेत: पाऊण इंचाहून जाड, सात अष्टमांश इंचाचे, इंचाला चौदा. त्यामुळे एकाचे साचे दुसऱ्याच्या यंत्रात बसतात व लवकर खपतात. मात्र साच्याला आतून ओरखडा असेल तर तो प्रत्येक पुंगळीवर उमटतो. असा एक संच निघाला. त्याच्यापुढे आम्ही शून्य लिहिले. तराजू आम्ही प्रमाणित वजने ठेवून पाहिला. तो अर्ध्या ग्रेनलाही झुकत होता.

पुंगळ्या वजनावर. .३८ स्पेशलच्या पौंडाला सुमारे शंभर भरतात, थर्टी-ऑट-सिक्सच्या जेमतेम पस्तीस. निवडून ठेवलेल्या पुंगळ्यांना भाव येतो. सरमिसळ ढीग मोडीत जातो.

खरा पेच प्रायमरचा. २०२० पूर्वी ते हजाराला तीस-चाळीस डॉलरना मिळत. २०२१ साली दुकाने रिकामी होती आणि खासगी व्यवहारात शंभराच्याही वर मागत. बाईंकडे तीन हजार होते, पेट्या न फोडलेल्या. शंभर मागितले असते तर मिळाले असते, आणि त्यांना पैशांची गरजही होती. आम्ही दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या व म्हणाल्या, ‘‘साठ लिहा.’’

यादी सातशे डॉलरवर गेली. पण सगळे एकदम उचलणाऱ्याला त्यातून काही सूट देणे योग्यच. अनोळखी माणसांची महिनाभर ये-जा त्याच्यामुळे टळते. म्हणून साडेपाचशे. दोनशे मागणारा लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याने खण उघडूनच पाहिले नव्हते.

शेवटी फळीवरच्या खोक्यांकडे बोट दाखवून बाईंनी विचारले, ‘‘आणि हे?’’ भरलेली काडतुसे होती ती. प्रत्येक खोक्यावर नवऱ्याच्या अक्षरात तारीख, दारूचे ग्रेन, गोळीचे वजन. परक्याने भरलेले काडतूस शहाणा माणूस बंदुकीत घालीत नाही. उघड्या डब्यातील दारूही कोणी घेऊ नये, डब्यात तीच आहे कशावरून? आम्ही हे सांगितले तेव्हा त्या दुखावल्या. ‘‘सगळ्यांत जास्त काळजीने त्यांनी हेच केले होते,’’ त्या म्हणाल्या. ते खरेच होते.

काडतुसे शेरीफच्या कार्यालयात जमा झाली. दारूची विल्हेवाट अग्निशमन केंद्राला विचारून लावली. त्याच गिऱ्हाइकाने खराब साचा स्वतः तपासून, साडेपाचशे मोजून बाकी सामान नेले. नोंदींची वहीही त्याने मागितली. ती बाईंनी दिली नाही. लाकडी बाक तळघरातच ठोकून बांधलेला, तो जिन्यातून निघेना. पुढच्या मार्चमध्ये त्यावर दिव्याखाली टोमॅटोची रोपे होती.