पायाखालची जमीन

बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवीत बसणाऱ्या प्रौढ माणसाची कीव करण्याचा प्रघात आहे, आणि तो मोडावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. कीव करणारास त्यापासून थोडे समाधान मिळते व रंगविणाराचे काही बिघडत नाही. आमचे म्हणणे निराळ्याच गोष्टीविषयी आहे. शिपायाची मिशी रेखण्यासाठी चार केसांचा कुंचला मिळावा म्हणून सारे शहर पालथे घालणारा हा मनुष्य, त्या शिपायाच्या पायाखाली काय पसरावयाचे याचा विचार बहुधा अगदी शेवटी करितो. मूर्ती पुरी झाली, रंग वाळला, मग हाताला लागेल ती भुकटी डिंकावर शिंपडली की बैठक तयार. वास्तविक पाहता शिपाई कोणत्या पलटणीतील हे त्याच्या अंगरख्यावरून कळते. पण तो कोठे उभा आहे हे सांगणारे त्याच्यापाशी त्या रुपयाएवढ्या बैठकीवाचून दुसरे काहीच नसते.

आमच्या मेजावर काही वर्षांपासून असईची लढाई मांडलेली आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ही लढाई झाली. एका बाजूस शिंदे व नागपूरकर भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेला आर्थर वेलस्ली. केळणेला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत असता, दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून, या गावांच्या मध्ये माणसांची येजा असलीच पाहिजे, अर्थात उतारही असलाच पाहिजे, असा तर्क त्याने बांधला व तो खरा ठरला. म्हणजे या लढाईची किल्ली जमिनीच्या वाचनात होती. अशा लढाईतील शिपाई वाटेल त्या जमिनीवर उभे करणे आम्हांस प्रशस्त वाटेना, आणि म्हणून आम्ही निरनिराळ्या ठिकाणांहून जमीन आणवू लागलो. 'जमीन आणविणे' हा प्रयोग वाचकांस विचित्र वाटेल. पण हल्ली जमीन पुड्यांतून विकत मिळते.

पहिले पुडे अर्थातच विलायती. यांत तीन जाती मुख्य. एक रंगविलेला लाकडाचा भुसा. ही सर्वांत जुनी. दुसरी रंगीत स्पंजाचा चुरा, जो अमेरिकेतील वुडलँड सीनिक्ससारखे कारखाने मुख्यतः खेळण्यांतील आगगाड्यांच्या षौकिनांसाठी बनवितात. तिसरी नायलॉनच्या बारीक तंतूंची, जिला 'स्टॅटिक ग्रास' म्हणतात. हे तंतू ओल्या डिंकावर सोडताना त्यांस विद्युद्भार दिला म्हणजे ते आडवे न पडता ताठ उभे राहतात, आणि पाहता पाहता एक चिमुकले कुरण उगवते. हा प्रकार प्रथम पाहताना मनुष्य थक्क होतो हे कबूल केलेच पाहिजे. मात्र आपल्याकडील आषाढातल्या दमट हवेत तो भार टिकत नाही, आणि कुरणाऐवजी भिजल्या मांजराची पाठ तयार होते. ज्यास हे काम करावयाचे असेल त्याने ते माघ-फाल्गुनात करावे.

विलायती मालाचा गुण असा की तो कुजत नाही, त्यास कीड लागत नाही आणि त्याची मापे पुड्यावर छापलेली असतात. मापाला या धंद्यात फार महत्त्व आहे. आमचे शिपाई एकास बहात्तर या प्रमाणाचे. पावणेसहा फुटांचा मनुष्य येथे सुमारे चोवीस मिलिमीटर भरतो. तेव्हा दोन मिलिमीटरांचे गवत म्हणजे खरे चौदा सेंटिमीटरांचे, घोट्याच्या वर येणारे. चार मिलिमीटरांचे पिंढरीपर्यंत. आणि सहा मिलिमीटरांचे गुडघ्याच्या आसपास. गोपाळकाल्यानंतर दख्खनच्या माळावर जे गवत माजते त्यास सहा मिलिमीटरच हवे. दोनाचे गवत ज्याच्या अंगणात रोज कातरले जाते त्याच्यासाठी.

येथेच विलायती मालाचा दोष आला. एका दुकानदाराकडून मागविलेल्या तीन पुड्यांपैकी दोहोंत एकाच नावाचा हिरवा रंग दोन तऱ्हांचा निघाला, हा दोष आम्ही धरीत नाही; व्यापारात असे चालायचेच. दोष असा की तो हिरवा रंग आमच्याकडे उगवतच नाही. तो निळसर, थंड, रोज धुक्याने न्हालेला असा हिरवा आहे. त्यावर आम्ही वेलस्लीच्या स्कॉटलंडच्या ७४व्या व ७८व्या पलटणीतील चार शिपाई उभे केले तो ते घरी परत गेल्यासारखे प्रसन्न दिसू लागले. शिंद्यांचा गोलंदाज तेथे ठेविला, तर तो बिचारा परगावच्या लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्याप्रमाणे दिसे. स्वारी करून आलेला यजमान आणि तोफ राखणारा आगंतुक! ज्याने तो पुडा बनविला त्याचा यात काही अपराध नाही. त्याने आपल्या खिडकीतून दिसले ते गवत बनविले.

मग आम्ही गावातील दुकाने धुंडाळली. लाकडाच्या वखारीत सागाचा भुसा पोत्याने मिळाला. विलायती मूठभर भुशाच्या किमतीत पोते घरी आले, आणि ते कोठे ठेवावयाचे यावरून घरात जो प्रश्न उपस्थित झाला त्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. हा भुसा चाळून बारीक घ्यावा, रंगाच्या पाण्यात भिजवावा व सावलीत वाळवावा. पिवळा व हिरवा दोन भागांत निरनिराळा रंगवून मग मिसळला तर रंगात जीव येतो. एकदम पोपटी रंगविला तर ती रांगोळी होते. माशांच्या पेट्या विकणाऱ्याकडील वाळू स्वच्छ असते, पण तिचा एकेक कण दुसऱ्याचा जुळा भाऊ. जमिनीचा खरेपणा कणांच्या असमानतेत असतो. शिवाय एक मिलिमीटरचा कण आमच्या प्रमाणात सात सेंटिमीटरांचा धोंडा होतो. तसल्या गोल धोंड्यांवर पलटण चालविली तर लढाईच्या आधीच निम्मे लोक पाय मुरगळून बसावयाचे. बांधकामाच्या ढिगातील वाळू तीन चाळण्यांतून काढून, पुन्हा हव्या त्या प्रमाणात एकत्र केली म्हणजे तिची बरोबरी कोणताही पुडा करीत नाही. समुद्राची वाळू कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. तिच्यातील मीठ चारदा धुतल्यावाचून जात नाही व राहिले तर हवेतील ओल ओढून रंग फुगविते.

कड्यांसाठी मात्र बाहेरचाच माल सरस, हे निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. पोर्तुगालकडील ओकाच्या सालीचा बूच पातळ तक्त्यांत मिळतो. त्याच्या कडा हाताने तोडून तक्ते एकावर एक चिकटविले की सह्याद्रीच्या कातळाचे आडवे थर हुबेहूब दिसतात. आपला कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे आणि त्याला युरोपीय भूशास्त्रज्ञांनी दिलेले 'ट्रॅप' हे नावही पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आले आहे. बाभळीच्या सालीची आम्ही परीक्षा घेतली. तिच्या चिरा उभ्या धावतात, त्यामुळे तिचा कडा महाराष्ट्राबाहेरचा वाटतो.

या ठिकाणी दिवाळीच्या किल्ल्याची आठवण वाचकांस झाली असेल. महाराष्ट्रात या विद्येचे पहिले पाठ अंगणातच मिळतात. विटांच्या तुकड्यांवर गोणपाट, त्यावर चिखल, त्यावर गेरूचा हात आणि उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी. चारपाच दिवसांत कोंब येतात व मातीचे मावळे त्या रानात कंबरेपर्यंत बुडतात. प्रमाणाच्या दृष्टीने तो सगळा अतिप्रसंगच. पण ती माती अंगणातील असते, गवत जिवंत असते, आणि तेथे उभा राहिलेला मावळा परका दिसत नाही. हे असे का, याचा विचार करता करता आम्ही शेवटी जो माल गाठावयाचा तो गाठला.

असईच्या शिवारात गेलो असता एका शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही मूठभर मातीची मागणी केली. "मातीचं काय करता, साहेब?" त्याने विचारले. आम्ही शिपायांची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "न्या की. पण वरची नका नेऊ, वरची खताची आहे. हातभर खालची घ्या." आणि स्वतः फावडे मारून त्याने ती काढून दिली. पैशांचे नाव काढता त्याने हसून मान फिरविली. आजवर इतक्या दुकानदारांशी आमचा व्यवहार झाला, पण अमुक माल घेऊ नका, तमुक घ्या, असे आपल्याच मालाविषयी सांगणारा हा पहिला.

काळी माती थेट बैठकीवर टाकून भागत नाही. प्रथम ती कढईत चांगली भाजावी, नाहीतर तिच्यातील बुरशी व बीजे पुढे आपला स्वभाव दाखवितात. (कढई स्वयंपाकघरातील घेऊ नये.) नंतर कुटून वस्त्रगाळ करावी व पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर पसरावी. डिंक पिताच ती ओल्या रानासारखी काळीभोर होते आणि वाळल्यावरही तशीच राहते. लहान वस्तूवरचा रंग डोळ्यांस मुळाहून गडद भासतो, म्हणून तिच्यावर राखाडी रंगाचा जवळजवळ कोरडा कुंचला हलकेच फिरवावा लागतो. हे सर्व झाले. पण एका बैठकीवर डिंक कमी पडला आणि तेथे जे घडले ते कोणत्याही पुड्यास कधी साधले नसते. ती माती वाळताना भेगाळली. काळ्या मातीतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात व वाळताना आकसतात, हा त्यांचा धर्म ढेकळात जसा तसाच चिमटीतही. आम्ही भेग मोजली. एक मिलिमीटरहून किंचित अधिक. बहात्तरने गुणून पाहावे: वैशाखात त्या रानात पायाचा पंजा अडकेल अशा ज्या भेगा पडतात, त्यांचेच ते माप. लढाई सप्टेंबरात झाली असल्यामुळे ती बैठक आम्हांस उपयोगाची नाही, तथापि टाकून देववत नाही.

आता त्या मातीवर उभे कोण करावयाचे हा प्रश्न मात्र तिने अधिकच अवघड करून ठेविला आहे. स्कॉच पलटणी तर परक्याच. कंपनीचे बाकीचे पायदळ मद्रासकडचे. शिंद्यांच्या ज्या कवायती पलटणींनी त्या दिवशी तोफांच्या कडेने टिकाव धरला त्यांतील बरेचसे शिपाई उत्तर हिंदुस्थानातून भरती झालेले, आणि त्यांचा मुख्य सरदार पोलमन हा हानोव्हरचा जर्मन. गोलंदाज पाहुण्यासारखा दिसतो अशी तक्रार आम्ही वर केली आहे. ती विलायती गवताविरुद्ध खरी असली तरी असईची माती अंथरल्यावर उभय पक्षांकडील बहुतेक माणसे त्या मातीला सारखीच नवखी होती असे दिसून येते. त्या जमिनीची अशी जी माणसे होती ती त्या दिवशी गावे सोडून कोठे गेली असतील ती असोत. त्यांचे छोटे पुतळे कोणताही कारखाना ओतीत नाही. त्यांचे असे मेजावर काही आणावयाचे तर ते पीकच. आज त्या शिवारात मका, कापूस, सोयाबीन दिसतात. परंतु त्या काळच्या सप्टेंबरात तेथे ज्वारी-बाजरी उभी असणार, आणि तोफा ओढणारे बैल व दोन्हीकडचे घोडदळ तीतूनच गेले असणार.

तेव्हा हल्ली ज्वारीचे काम चालू आहे. दोन मीटरांचे ताट आमच्या प्रमाणात अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे शिपायाच्या डोक्यावरून चार बोटे नव्हे, पण चांगले चार मिलिमीटर वर. विलायती पुड्यांत गव्हाचे शेत मिळते, ज्वारी मिळत नाही. त्यासाठी बाजारातील काथ्याचे पायपुसणे सर्वोत्तम: त्याचे पट्टे कापावेत, हिरव्या रंगात बुडवावेत आणि टोकांस डिंक लावून बारीक रव्यासारखी वाळू कणसांसाठी चिकटवावी. दोन पट्टे उभे झाले आहेत. तिसरा पट्टा तुडविलेला दाखवावयाचा असून, काथ्या वाकविला तरी पुन्हा ताठ होतो; गरम पाण्यात भिजवून रात्रभर वजनाखाली ठेविला आहे, सकाळी पाहू.