कोरा राहिलेला रकाना

सारोळ्यात बिऱ्हाड करून रोज सकाळी नीरेचा पूल ओलांडावा आणि पलीकडच्या एका कारखान्यात कामगार अधिकारी म्हणून रुजू व्हावे, असा माझा क्रम बरीच वर्षे चालला. आणि त्या नोकरीतील ज्या कामाने माझी झोप सर्वाधिक उडवली, ते काम म्हणजे उमेदवारांच्या अर्जांची छाननी. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या या दोन तीरांना भरतीची जाहिरात निघताच आपापल्या जिल्ह्याची आठवण होत असे. शासनाच्या धोरणातील ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला इसम, नदीचा अमुक काठ नव्हे, हे मी घरच्या ओसरीवर आणि कारखान्याच्या फाटकाशी सारख्याच चिकाटीने सांगत आलो.

एका वर्षी जोडाऱ्यांच्या आठ जागांसाठी दोनशेवर अर्ज आले. बारनिशीत नोंद झालेले अर्ज वाचताना एका अर्जात मधल्या तीन वर्षांचा रकाना कोरा दिसला, म्हणून ‘सेवेत खंड’ असा शेरा मारून मी तो नामंजूर गठ्ठ्यात टाकला. त्या सायंकाळी युनियनचे सरचिटणीस, ज्यांना सारा कारखाना अण्णा म्हणे, माझ्या टेबलाशी आले आणि आवाज तसूभरही न चढवता त्यांनी एक पिवळा पडलेला कागद पुढे ठेवला. तीन वर्षांपूर्वीच्या कपातीच्या वेळी फलकावर लावलेली ती सेवाज्येष्ठता यादी होती. “साहेब, यातली किती माणसं तुमच्या गठ्ठ्यात आहेत, एकदा बघा,” एवढेच ते म्हणाले.

कामावरून कमी केलेल्या कामगाराला पुढील भरतीत संधी आणि इतरांहून अग्रक्रम द्यावा, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५-एच तेव्हा सांगत असे. ते मला तोंडपाठ होते. परंतु त्या अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली ‘पूर्वी आपल्याकडेच होतो’ ही ओळ मी वाचली नव्हती. ज्ञान असूनही डोळे रकान्यांवरून घसरत गेले, याची खंत मला आजही आहे. मी सर्व गठ्ठे पुन्हा सोडले. यादीतील तीन नावे नामंजुरांत सापडली. जुने कामगार म्हणजे जुन्या तक्रारी, अशी वरिष्ठांची कुरकुर झाली. तिला मी कलमाचा हवाला देऊन लेखी टिपणाने उत्तर दिले.

पुढच्या आठवड्यात युनियनच्याच एका सभासदाने भाच्यासाठी चिठ्ठी आणली. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या अधिनियमात गुणवत्ता डावलून पक्षपात करणे मालकाकडील अनुचित प्रथा म्हणून नोंदले आहे. चिठ्ठी फाटकाबाहेरून आली की आतून, याने त्यात फरक पडत नाही, असे माझे मत होते. अण्णांनी ती चिठ्ठी वाचली आणि घडी घालून त्याच्याच हाती परत दिली. तेव्हापासून निकष आधी फलकावर लावायचे, अर्ज नंतर उघडायचे, असा शिरस्ता मी पाडला.

तो जोडारी रुजू व्हायला आला तेव्हा मी त्या तीन वर्षांविषयी विचारले.

“वीटभट्टीवर होतो साहेब. तो कुठला अनुभव, म्हणून लिहिला नाही.”

मी अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि लेखणी दिली. त्याने कोऱ्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर जोडीत, ‘वीटभट्टी’ असे लिहिले.